बासरी कुठे हरवली?

एखाद्या मित्राने आपण काढलेले चित्र दाखवले, तर त्यावर बोट ठेवून आपल्याला सांगता येते, ‘हा हात जरा लांब झाला आहे.’ पण त्याने घरीच वाद्ये वाजवून, ती मुद्रित करून, एकत्र जुळवलेले तीन मिनिटांचे संगीत ऐकवले आणि ‘कसे झाले आहे?’ असे विचारले, तर बोट ठेवायचे कुठे? बहुतेक जण ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात. काही जण ‘मजा नाही आली’ असे म्हणतात. पहिल्या उत्तराने विचारणाऱ्याचे मन राखले जाते, दुसऱ्याने मोडते. काम मात्र दोन्हींनी पुढे सरकत नाही.

आमच्या शेजारी दोन भावंडे राहतात. भाऊ नववीत आहे, तो पेटी वाजवतो. बहीण अकरावीत आहे, ती बासरी वाजवते. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्यांनी भूप रागावर आधारलेली एक धून बसवली. तबल्याला भावाचा मित्र होता. आधी पेटी मुद्रित केली, मग ती हेडफोनवर ऐकत बासरी आणि शेवटी तबला. तिन्ही ध्वनिमुद्रणे फोनवरच केलेली होती आणि भावाने ती संगणकावर ऑडॅसिटी या विनामूल्य कार्यक्रमात एकत्र केली. या जुळवणीला ‘मिक्सिंग’ म्हणतात. आपण तिला ध्वनिमिश्रण म्हणू या.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून तो मोठ्या विश्वासाने माझ्याकडे आला. मी त्याच्याच फोनवर ती धून एकदा ऐकली आणि म्हणालो, “छान जमली आहे रे. बासरी तेवढी कमजोर वाटते.”

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. “काका, आता ऐका. ताईची बासरी काढून टाकली. तुम्ही म्हणालात, बाकीचेही तेच म्हणत होते. तीच म्हणाली, राहू दे, मला नाही जमत.”

मी चपापलो. मी त्याला बासरीचे एकटीचे ध्वनिमुद्रण लावायला सांगितले. बासरी स्वच्छ होती, सुरात होती, फुंक स्थिर होती. तिच्यात कमजोर असे काहीच नव्हते. म्हणजे मी एक लक्षण ऐकले आणि त्याचे कारण न शोधता वाजवणाऱ्या मुलीवर ठपका ठेवला. ताप आलेल्या माणसाला ‘तू अशक्त आहेस’ असे सांगण्यासारखाच हा प्रकार झाला.

मग बासरी हरवली कुठे? ते शोधताना चांगला अभिप्राय कसा द्यावा, हेही आम्हाला उमगत गेले.

मिश्रण म्हणजे बेरीज

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार, हे तुम्ही शिकला आहात. मायक्रोफोन हा चढउतार विद्युत्‌दाबात बदलतो आणि यंत्र तो ठरावीक अंतराने मोजून आकड्यांच्या रूपात साठवते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये दर सेकंदाला ४४,१०० वेळा असे मापन साठवलेले असते. आजही संगीतासाठी हा आकडा सर्रास वापरला जातो.

तीन वाद्यांचे मिश्रण करायचे म्हणजे काय करायचे? त्याच क्षणाचे पेटीचे, बासरीचे आणि तबल्याचे माप घ्यायचे आणि तिन्हींची बेरीज करायची. एखाद्या वाद्याचा आवाज कमीजास्त करायचा असेल, तर बेरजेपूर्वी त्याच्या मापाला एखाद्या संख्येने गुणायचे. ध्वनिमिश्रणाचे मूळ गणित एवढेच आहे.

बेरजेतून तीन वेगळे तरंग बाहेर पडत नाहीत, तर एकच वेडावाकडा तरंग बाहेर पडतो. त्या एका तरंगातून ‘ही पेटी, ही बासरी, हा तबला’ अशी निवड आपला कान आणि मेंदू करतात. १२ ही बेरीज पाहून ती ७ अधिक ५ होती की ९ अधिक ३ होती, हे सांगता येत नाही. कान मात्र असे कोडे बहुतेक वेळा सोडवतो. जिथे त्याला ते सुटत नाही, तिथे वाद्य ‘हरवते’.

मोठा स्वर लहान स्वराला झाकतो

एका स्वरामुळे दुसरा ऐकू येईनासा होणे, याला आपण आच्छादन म्हणू. १८७६ साली अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी यातील एक गमतीची गोष्ट नोंदवली. जोरकस खालचा स्वर वरच्या स्वराला सहज झाकतो, पण वरचा स्वर खालच्याला तसा झाकू शकत नाही. १९२४ साली वेगेल आणि लेन यांनी विद्युत्‌साधनांच्या साहाय्याने या परिणामाचे काटेकोर मापन केले.

याचे कारण कानाच्या रचनेत आहे. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नलिका असते आणि तिच्यात एक लांब पडदा असतो. या पडद्याचे तोंडाजवळचे टोक जलद कंपनांना प्रतिसाद देते, आतले टोक मंद कंपनांना. मंद कंपनांची लाट आतल्या टोकाकडे जाताना वाटेतला वरच्या स्वरांचा भाग हलवतच जाते. जलद कंपनांची लाट मात्र तोंडाजवळच विरते. पडद्यावरची ही लाट गेओर्ग फॉन बेकेशी यांनी प्रत्यक्ष पाहिली आणि या कामासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या धुनेकडे येऊ. पेटी पांढरी एकमध्ये होती. तिचा मध्य षड्ज सुमारे २६२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २६२ कंपनांचा. पेटी दुहेरी सुरांची असल्यामुळे एक पट्टी दाबली की खालच्या सप्तकातला १३१ हर्ट्झचा खर्जही वाजत असे. शिवाय पेटीचा स्वर उपस्वरांनी गच्च भरलेला असतो. १३१ सोबत त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशा २६२, ३९३, ५२४, ६५५, ७८६ हर्ट्झच्या कंपनांची रांगच लागते.

बासरीचे याच्या उलट असते. तिच्यात उपस्वर थोडे आणि दुबळे असतात. म्हणूनच ती इतकी गोड व निर्मळ वाटते. या बहिणीच्या बासरीचा षड्ज ५२४ हर्ट्झच्या जवळ होता. तिने पंचम वाजवला की तो ५२४ च्या दीडपट, म्हणजे ७८६ हर्ट्झ. वरची रांग पुन्हा पाहा. ७८६ हा आकडा पेटीच्या रांगेत आधीच बसलेला आहे!

भाऊ तर सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबून संपूर्ण धूनभर धरून बसला होता. तीन पट्ट्यांचे सहा सूर आणि प्रत्येकाची उपस्वरांची रांग. बासरी षड्ज, गंधार किंवा पंचमावर थांबली की तिची जागा पेटीने अडवलेलीच असे. गंमत अशी की बासरी जितकी अचूक सुरात, तितकी ती पेटीत अधिक मिसळून जाणार. मुलगी बेसूर वाजवती, तर कदाचित जास्त ऐकू आली असती!

तर्क बरोबर आहे की नाही, हे पाहायला प्रयोग हवा. आम्ही बासरी पुन्हा जोडली, तिच्या आवाजाला हात लावला नाही आणि फक्त पेटी बंद केली. बासरी एकदम समोर आली. भावाने बहिणीला हाक मारून बोलावले. तिने दारातूनच ऐकले आणि विचारले, “ही मीच वाजवलेली?”

मी ऐकले ते कशावर?

माझी दुसरी चूक म्हणजे मी ती धून फोनच्या छोट्या ध्वनिक्षेपकावर ऐकली होती. खालचे स्वर मोठ्याने निर्माण करायचे, तर बरीच हवा पुढेमागे ढकलावी लागते. नखाएवढ्या पडद्याला ते शक्य नसते. त्यामुळे डग्ग्याची शंभर हर्ट्झच्या आसपासची घुमारेदार कंपने मला जवळजवळ ऐकूच आली नव्हती. तीच धून हेडफोनवर ऐकली, तर डग्गा एवढा घुमत होता की त्याखाली सगळेच दबले होते. म्हणजे आच्छादनात पेटीबरोबर डग्ग्याचाही हात होता आणि फोनने तो माझ्यापासून लपवला होता.

आवाजाच्या पातळीचाही असाच चकवा असतो. १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की आपला कान सर्व कंपनसंख्यांना सारखी दाद देत नाही आणि हा फरक आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. हळू आवाजात खालचे स्वर जास्तच पातळ वाटतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून तेच संगीत नुसते मोठ्याने लावले, तरी ‘आता सुधारले’ असे वाटते. पहिले व दुसरे मिश्रण यांची तुलना करायची असेल, तर दोन्ही सारख्याच मोठेपणाने वाजवली पाहिजेत. तराजूची दोन्ही पारडी आधी समान करून घ्यावीत, तसेच हे आहे.

ऐकण्याची खोलीही मध्ये तोंड घालते. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत ३.४ मीटर अंतर आहे असे समजा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ६.८ मीटर येते, म्हणजे बरोबर अर्धा तरंग खोलीत मावतो. अशा वेळी स्थिर तरंग तयार होतो. भिंतीजवळ दाबाचा चढउतार सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी. १०० हर्ट्झला हीच गोष्ट वेगळ्या जागी घडते. म्हणून भिंतीला टेकून बसलेला म्हणतो, ‘डग्गा फार झाला,’ आणि दुसरीकडे बसलेला म्हणतो, ‘डग्गा कुठे आहे?’ दोघेही खरे बोलत असतात! खालच्या स्वरांबद्दल मत देण्यापूर्वी निदान दोन जागा बदलून ऐकावे आणि मग हेडफोनवर पडताळून पाहावे.

विहिरीतला तबला

मुलांच्या आजोबांनी धून ऐकून म्हटले होते, “तबला विहिरीत बसून वाजवल्यासारखा वाटतो.” मुले हसली आणि विसरली. पण हा अभिप्राय फार मोलाचा होता. फक्त त्याचे शास्त्राच्या भाषेत भाषांतर करायला हवे होते.

तबला रिकाम्या खोलीत, शहाबादी फरशीवर, फोन चार हात लांब ठेवून मुद्रित केला होता. फोनपर्यंत थापेचा थेट ध्वनी पोचलाच, पण भिंती, छत व फरशीवरून परावर्तित झालेले असंख्य ध्वनीही मागोमाग पोचले. थेट ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. परावर्तित ध्वनींचा गोंगाट मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच असतो. म्हणून फोन जितका लांब, तितके ‘विहीर’पण जास्त. फोनचे अंतर निम्मे केले, तर थेट ध्वनीची तीव्रता चौपट होते.

या निनादाचे शास्त्र वॉलेस सॅबिन यांनी उभे केले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या सभागृहात व्याख्यात्याचे बोलणे कळेनासे झाले, तेव्हा त्याचे कारण शोधण्याचे काम या तरुण प्राध्यापकाकडे आले. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, सभागृहात मांडल्या आणि गाद्या वाढवत नेल्या की निनाद किती कमी होतो, हे मोजले. मऊ, सच्छिद्र वस्तू ध्वनी शोषून घेतात. आपल्याकडे गाद्या वाहून आणायची गरज नाही, घरच्या गोधड्या आणि सतरंज्या पुरतात.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आवाज कमीजास्त करणे हे गुणाकाराचे काम आहे, त्याने निनाद वेगळा काढता येत नाही. दूध पाण्यात मिसळल्यावर पेला लहान घेतला काय, मोठा घेतला काय! म्हणून ‘तबल्याचा आवाज वाढव’ हा सल्ला इथे चुकीचा ठरला असता. ‘तबला पुन्हा मुद्रित कर’ हाच सल्ला खरा होता.

समेवरची खरखर

धुनेत १ मिनिट १२ सेकंदांवर समेला एक बारीक खरखर होती. ती सर्वांना ऐकू आली होती, पण ‘मधे कुठेतरी काहीतरी खरखरते’ असे सांगितल्याने भावाने संपूर्ण धून पाच वेळा ऐकूनही ती त्याला सापडली नव्हती. सेकंद सांगताच ती मिनिटभरात सापडली.

कारणही बेरजेतच होते. संगणक आकड्यांना मर्यादा घालतो. १६ बिटांच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक माप -३२,७६८ ते ३२,७६७ यांच्या मधेच राहू शकते. पेटीचे शिखर २०,००० आणि त्याच क्षणी थापेचे शिखर १८,००० असेल, तर बेरीज ३८,००० होते. ती मर्यादेबाहेर जाते, म्हणून तरंगाचा माथा कापला जातो. माथा सपाट झाला की मूळ संगीतात नसलेले नवे उपस्वर निर्माण होतात. तीच खरखर.

तिची परीक्षा सोपी आहे. त्या जागी प्रत्येक वाद्य एकेकटे ऐकावे. एकटे असतानाही खरखर असेल, तर मुद्रणाच्या वेळीच माथा कापला गेला आहे. ते वाद्य पुन्हा वाजवावे लागेल. खरखर फक्त एकत्र ऐकताना येत असेल, तर बेरीज उतू जात आहे. सर्वच वाद्ये सारख्या प्रमाणात कमी करावीत. ६ डेसिबल कमी केले की तरंगाची उंची सुमारे निम्मी होते, म्हणजे ३८,००० चे १९,००० होतील.

शब्दांचा अर्थ लावताना

आपण ऐकलेले सांगताना घरगुती शब्द वापरायला मुळीच हरकत नाही. ‘घुमतो’, ‘गदगदतो’ असे म्हटले की बहुधा १०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा वाढलेला असतो. ‘टोचतो’, ‘कर्कश वाटतो’ म्हटले की २,००० ते ५,००० हर्ट्झकडे पाहावे. या पट्ट्यात आपला कान विशेष तिखट असतो. कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला पडद्याने बंद असते. अशा नळीत तरंगलांबीचा चौथा भाग मावला की अनुनाद होतो. ३४,००० भागिले १० म्हणजे ३,४०० हर्ट्झ, हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. ‘लांबून येतो’ म्हटले की निनादाची शंका घ्यावी. ‘चेपला आहे’, ‘खरखरतो’ म्हटले की माथा कापला गेल्याची.

शब्द घरगुती असला, तरी तो ऐकण्याबद्दल असला पाहिजे. ‘तबला विहिरीत वाटतो’ हे ऐकलेले आहे. ‘तबलजी कच्चा आहे’ हा निकाल आहे आणि तो पुराव्याशिवाय दिलेला आहे. माझे ‘बासरी कमजोर’ हे वाक्य असेच निकालासारखे होते. ‘बासरी मला नीट ऐकू येत नाही’ एवढेच मी म्हणालो असतो, तर कदाचित त्या मुलाने ‘का?’ असे विचारले असते.

अभिप्राय कसा द्यावा?

या सगळ्यावरून आम्ही तिघांनी मिळून काही नियम ठरवले. ते प्रयोगशाळेतल्या नियमांसारखेच आहेत.

पहिला, ऐकण्याआधी हेतू विचारावा. ‘धुनेत पुढे कोण हवे, बासरी की पेटी? ती वाजणार कुठे, हेडफोनवर की सभागृहात?’ हेतू माहीत नसेल, तर दोष कशाला म्हणायचे हेच कळत नाही. पेटी पुढे हवी असती, तर मूळ मिश्रणही फारसे चुकीचे नव्हते.

दुसरा, कशावर आणि किती मोठ्याने ऐकले ते सांगावे. निरीक्षणासोबत उपकरण नोंदवायचे, हे तर आपण प्रयोगवहीत नेहमीच करतो.

तिसरा, वेळ आणि वाद्य सांगावे. ‘४० व्या सेकंदापासून पेटीचे तीन स्वर सुरू होतात, तिथून मला बासरी ऐकू येत नाही.’ त्याआधी ती ऐकू येत होती, ही माहितीही तितकीच महत्त्वाची आहे.

चौथा, काय चांगले आहे तेही नेमके सांगावे. ‘छान’ म्हणून नव्हे. ‘सुरुवातीची एकटी बासरी अगदी जवळ बसून ऐकल्यासारखी वाटते, ती तशीच ठेव,’ असे. दुरुस्ती करताना काय बिघडू द्यायचे नाही, हे त्यामुळे कळते.

पाचवा, कारण हे तर्क म्हणून सांगावे आणि एकच बदल सुचवावा, जो करून पाहता येईल. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर सुधारणा कशाने झाली ते समजणार नाही.

सहावा, शेवटचा निर्णय ज्याची धून आहे त्याचा. आपण फक्त आपल्या कानांचे वाचन त्याला देतो.

शेवटी काय केले?

पहिला बदल भावाने स्वतःच सुचवला. बासरी वाजत असताना तीन पट्ट्या न धरता त्याने फक्त षड्ज धरला आणि खर्जाचे सूर बंद ठेवले. तेवढ्याने निम्म्याहून अधिक काम झाले. पेटी एका बाजूच्या ध्वनिक्षेपकाकडे सरकवण्याचाही विचार झाला होता. दोन ध्वनी वेगवेगळ्या दिशांनी आले तर ते वेगळे ओळखणे कानाला सोपे जाते. पण शाळेच्या सभागृहात सर्व कर्ण्यांतून एकच ध्वनी येतो, तिथे या युक्तीचा उपयोग झाला नसता. म्हणून ती सोडली. मग भिंतींना गोधड्या लावून आणि फोन हातभर अंतरावर ठेवून तबला पुन्हा मुद्रित केला. शेवटी सर्व वाद्ये सारखी कमी केल्यावर समेवरची खरखर गेली.

बासरीचे मूळ ध्वनिमुद्रण मात्र पहिल्या दिवशी होते तेच राहिले. ते एक डेसिबलनेही वाढवावे लागले नाही. आता ती पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐकू येते. बहीण स्नेहसंमेलनासाठी नवी धून बसवते आहे आणि या वेळी पेटीने कुठे गप्प बसायचे, हे तिने आधीच वहीत लिहून ठेवले आहे.

करून पाहा

तीन मित्रांनी मिळून हा प्रयोग करावा. एकाने पेटीवर सा, ग, प एकत्र धरून ठेवावेत. दुसऱ्याने वरच्या सप्तकात हळू आवाजात शीळ घालावी किंवा बासरी वाजवावी. तिसऱ्याने पाठ करून बसावे आणि बासरी ऐकू आली की हात वर करावा. आता पेटीवर फक्त षड्ज ठेवून हेच पुन्हा करा. दोन्ही वेळा दहा-दहा स्वर वाजवा आणि किती वेळा हात वर झाला, ते मोजा. वाजवणाऱ्याने फुंकीचा जोर बदलायचा नाही, हे मात्र कटाक्षाने पाळा. आकडे वहीत मांडून आपल्या विज्ञानशिक्षकांना आणि संगीतशिक्षकांनाही दाखवा.